लाकडात राहिलेलं विरजण

मित्रांनो, मी अर्चाच्या लाकडाचं एक म्हातारं पिंप आहे. अर्चा आमच्या किरगिझ पहाडांत उगवतो आणि त्याच्या लाकडाला धुपासारखा वास असतो. माझ्यात कधी कुणी पाणी साठवलं नाही की धान्य भरलं नाही. माझ्यात माक्सीम आंबत असे. भाजलेल्या जवाची पेज विरजण लावून आंबवली की माक्सीम होतं. उन्हाळ्यात वाटीभर माक्सीम पोटात गेल्याशिवाय आमच्याकडे माणूस बाजारातून घरी जात नाही. माझं कौतुक पुष्कळ झालं. पण माझ्या आयुष्याची गोष्ट सांगायची म्हटली, तर तिच्यात कौतुक थोडं आहे आणि मान खाली घालायला लावणारं जास्त आहे.

माझा जन्म बिश्केक शहराच्या वेशीवर, अकमात उस्ताच्या कारखान्यात झाला. उस्ता म्हणजे कारागीर, आणि हा उस्ता मोठा चिडका माणूस. तो माझ्या फळ्या तासायचा, एकमेकींना भिडवायचा, उजेडाकडे धरून फट दिसते का बघायचा आणि दिसली की फळीलाच शिव्या द्यायचा. लोखंडी कड्या चढवताना त्याचे घाव मला असह्य व्हायचे. पण शेवटी त्याने मला पाण्याने भरलं, भोवती फिरून पाहिलं आणि एक थेंबही कुठून गळत नाही म्हटल्यावर माझ्या पाठीवर थाप मारली. ती थाप मला अजून आठवते.

मला विकत घेतलं उलकान एजेंनी. एजे म्हणजे ताई. साठी उलटलेल्या त्या बाईंना सारं बिश्केक एजेच म्हणत असे. तरुणपणी त्या एका बसथांब्यावर स्टूल टाकून माक्सीम विकत. विरजण त्यांच्या आईचं होतं. लोकांना चव आवडली, एकाची दोन दुकानं झाली, मग कंपनी झाली. पुढे गावोगावच्या बायकांना त्या आपल्या नावाची फ्रँचायझी देऊ लागल्या. विरजण द्यायच्या, कृती शिकवायच्या, छत्र्या आणि वाट्या द्यायच्या. प्रत्येकीला एक लाकडी पिंपही द्यायच्या, आणि ते पिंप मग कायमचं तिचं व्हायचं.

मी जिच्या वाट्याला आलो, ती जिपारा. आमच्या देशातल्या मोठ्या सरोवराच्या पलीकडच्या कराकोल गावाहून ती शिकायला आली होती. पूर्वी शाळेत शिवण शिकवायची. तिचा नवरा तोलोगोन रशियात इमारतींच्या कामावर होता, घरी म्हातारी सासू होती. जिपारा हसरी होती, कामाला वाघीण होती. उलकान एजेंनी तिला धर्मशाळेत राहू दिलं नाही, स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. परसदारी माझ्याशेजारी उभ्या राहून दोघींचं शिक्षण चालायचं.

"जीभ लावून बघ. काय कळतं?" एजे विचारायच्या.

"आंबट आहे, एजे."

"आंबट तर ताकही असतं. नीट बघ."

जिपारा डोळे मिटून घोट घोळवायची. "शेवटी धूर येतो. अगदी थोडा."

"आता कशी बोललीस! तो पिठाचा धूर. चरबीत पीठ परतताना ते तांबूस झालं की उतरव. तपकिरी होऊ दिलंस, तर तोच धूर कडू होतो. मग कितीही विरजण घाल, गिऱ्हाईक वाटी अर्धी ठेवून जातं."

शिक्षण संपत आलं, तेव्हा एजेंनी माझ्या काठावर हात ठेवला आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "आणि एक ऐक. ऐन हंगामात कधी विरजण मेलं, तर रडत बसू नकोस. ते पिंपाच्या लाकडात मुरलेलं असतं. कोमट पेज ओत, वर घोंगडी टाक आणि वाट बघ. आपोआप उठतं."

"पिंप धुतलं असलं तरी?"

"उकळत्या पाण्याने धुतलं असलं तरी. हे मी कुणाला सांगत नाही. तुझ्यात मला माझी धाकटी बहीण दिसते, म्हणून सांगतेय."

"माझ्या तोंडून जाणार नाही, एजे."

"तोंडून जाणार नाही हे ठीकच. हातूनही जाऊ देऊ नकोस."

दुसऱ्या दिवशी करार झाला. त्यात स्पष्ट होतं, की करार संपल्यावर शिकवलेली कृती, विरजण, गिऱ्हाइकांची माहिती, भाव ठरवण्याची रीत, यातलं काहीही जिपाराने वापरायचं नाही आणि कुणाला द्यायचंही नाही. तिने सगळं वाचलं आणि हसत सही केली. त्या वेळी तिच्या मनात काही वाकडं नव्हतं, हे मी छातीठोकपणे सांगतो.

कराकोलमध्ये जिपाराचं घर बाजाराच्या कडेला, मिनीबसच्या थांब्यासमोर होतं. रस्त्याकडची बाजू मोकळी असलेल्या एका छपरात मला ठेवलं, त्यामुळे सारा रस्ता मला दिसायचा. दारात उलकान एजेंच्या नावाची पाटी आणि निळी छत्री लागली. सुरुवातीला लोक नाकं मुरडत. "बिश्केकचं माक्सीम इथे कोण पिणार?" म्हणत. मग एकाने प्यायलं, त्याने दुसऱ्याला ओढून आणलं, आणि पाहता पाहता दुपारी छत्रीखाली उभं राहायला जागा मिळेनाशी झाली. शाळेचं उपाहारगृह, सरोवराकाठची विश्रामगृहं, लग्नघरं, सगळीकडून मागणी येऊ लागली.

सासूला जिपारा आपा म्हणायची, आई म्हणावं तसं. आपा डोक्याला पांढरा रुमाल बांधून बाकावर बसायच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायच्या, "माझी सून! शहरातून शिकून आलीय. मला तर आयुष्यात चहापलीकडे काही जमलं नाही."

उलकान एजे वर्षातून एकदा यायच्या. माझ्या काठावर टिचकी मारून म्हणायच्या, "काय रे, बरं चाललंय ना तुझं?" आणि मला आपण घरचेच आहोत असं वाटायचं. मित्रांनो, त्या वर्षांत मला फार अभिमान चढला होता. लोक वाटीचं कौतुक करायचे आणि मला वाटायचं, हे सगळं माझ्यामुळेच.

मग कराराची मुदत संपत आली. नवा करार करायचा की नाही, ते जिपाराने ठरवायचं होतं. तोलोगोनचा फोन आला की ती माझ्याजवळच बोलत असे, म्हणून मला कळायचं.

"पहाटे उठून चूल तू पेटवतेस," तो म्हणायचा. "घाम तुझा, आणि नाव त्यांचं? वर हिस्साही त्यांनाच?"

"शिकवलं त्यांनी ना."

"शिकवलं. झालं शिकून. शाळेतल्या बाईंना काय आपण जन्मभर फी देतो?"

सुरुवातीला ती त्याला गप्प करायची. पुढे पुढे ऐकून घ्यायला लागली. आणि मग एके दिवशी फोन ठेवून ती माझ्यासमोर बराच वेळ उभी राहिली. तिची नजर पेजेवर नव्हती, माझ्या फळ्यांवर होती. त्या नजरेने मला पहिल्यांदा कसंसंच झालं.

तिने नवा करार नाकारला. त्यात गैर काही नव्हतं. तो तिचा हक्क होता. कंपनीचा माणूस आला. त्याने पाटी उतरवली, छत्री मिटली, वाट्या खोक्यात भरल्या. विरजणाची बरणी त्याच्यासमोर गटारात ओतली गेली. माझ्यात उकळतं पाणी घालून मला खरवडून धुतलं. "आता काही उरलं नाही ना?" त्याने विचारलं. "काही नाही," जिपारा म्हणाली आणि सगळं परत केल्याच्या कागदावर तिने सही केली. या वेळी ती हसत नव्हती. पेन परत देताना तिने त्या माणसाकडे पाहिलंसुद्धा नाही.

तो गेल्यावर थोड्या दिवसांनी तिने पीठ परतलं, पेज केली, कोमट होऊ दिली आणि माझ्यात ओतली. वर घोंगडी टाकली. मित्रांनो, लाकडाला करार कळत नाही. ऊब लागली आणि माझ्या फटीफटींतून ते जुनं विरजण जागं झालं. घोंगडीखाली फेस चढू लागला. जिपाराने ती उचलून पाहिलं आणि आनंदाने तोंडावर हात धरला. मग लगेच तिने मागे वळून पाहिलं, कुणी बघत तर नाही ना म्हणून. स्वतःच्या अंगणात चोरासारखं वळून पाहणारी जिपारा मी त्याआधी कधी पाहिली नव्हती.

नवी पाटी लागली. तिच्यावर लिहिलं होतं: सासूबाईंच्या हातचं माक्सीम.

आपांनी ती वाचून घेतली तेव्हा त्या गोंधळल्या. "अगं पोरी, माझ्या हातचं कुठं?"

"नुसतं नाव आहे, आपा. लोकांना घरगुती वाटलं की बरं असतं."

त्या दिवसापासून पाटीखालच्या बाकावर न बसता आपा आत ओसरीवर बसू लागल्या.

जिपाराने मग एकेका जुन्या गिऱ्हाइकाला फोन केले. शाळेला किती लागतं, कुठल्या विश्रामगृहाला जास्त आंबट आवडतं, कंपनी कुणाला काय भाव देते, सगळं तिच्या डोक्यात होतं. प्रत्येकाला तिने त्याहून थोडा कमी भाव सांगितला. "तेच माक्सीम आहे," ती म्हणायची, "फक्त पाटी बदललीय."

तेवढ्यात रस्त्याच्या पलीकडे, थांब्याजवळ, निळी छत्री पुन्हा उघडली. कंपनीने कराकोलची फ्रँचायझी कानिशाय नावाच्या तरुण मुलीला दिली होती. विश्रामगृहातली झाडलोटीची नोकरी सोडून आणि घरची दुभती गाय विकून ती या धंद्यात पडली होती. चांगली पोर होती. सकाळी छत्री उघडली की रस्त्यापलीकडून ओरडायची, "सलाम, एजे!" आणि जिपारा कामात असल्यासारखं करायची.

कानिशायचं माक्सीम उत्तम असायचं, पण नवं पिंप मुरायला वेळ लागतो. आणि गिऱ्हाइकं तर आधीच बांधलेली होती. दुपार उलटून जायची आणि तिच्या वाट्यांची चळत तशीच उपडी असायची. एकदा ती रस्ता ओलांडून आमच्या छपराशी आली. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं.

"एजे, एक विचारू? तुम्ही या धंद्यातल्या जुन्या आहात."

"विचार की."

"शाळेवाल्यांनी नाही म्हटलं. विश्रामगृहवाल्यांनी पण. मी भाव सांगायच्या आधीच त्यांना तो ठाऊक होता. असं कसं होईल?"

जिपारा मान वर न करता माझ्यातलं माक्सीम ढवळत राहिली. "मला काय ठाऊक, बाई. बाजार आहे."

"माझं काही चुकत असेल तर सांगा. मी वाईट वाटून घेणार नाही."

"तुझं काही चुकत नाही," जिपारा म्हणाली. त्या दिवसांत तिच्या तोंडून निघालेलं तेवढं एकच वाक्य खरं होतं. कानिशायला त्याने धीर आला. तिने चक्क जिपाराचे आभार मानले आणि ती परत गेली. मी माझ्या फळ्यांनिशी तिथे उभा होतो, पोटात काठोकाठ ते चोरीचं माक्सीम भरलेलं. मला बोलता येत असतं, तर मी तिला हाक मारली असती.

उन्हाळा भरात असताना उलकान एजे आल्या. न सांगता आल्या. आधी कानिशायकडे बसल्या, तिचं ऐकून घेतलं, आणि मग काठी टेकत रस्ता ओलांडून आमच्याकडे आल्या. थांब्यावरचे चालक, भाजीवाल्या, सगळे बघत होते. जिपाराचा चेहरा पिठासारखा झाला.

"एक वाटी दे, पोरी," एजे म्हणाल्या.

तिने दिली. एजेंनी घोट घेतला. डोळे मिटले. बराच वेळ तो घोट त्यांच्या तोंडात होता. मग त्यांनी वाटी खाली ठेवली.

"कुणाचं विरजण हे?"

"आमच्या आपांचं," जिपारा म्हणाली. "त्यांच्या माहेरचं आहे. जुनं."

एजेंनी ओसरीकडे पाहिलं. आपा तिथे बसल्या होत्या. सगळा बाजार त्यांच्याकडे बघू लागला. जिपाराही बघू लागली, आणि तिच्या डोळ्यांत जी विनवणी होती ती मला आजही नकोशी वाटते.

"खरं का हो?" उलकान एजेंनी मोठ्या आदराने विचारलं. आपा त्यांच्याहून वयाने मोठ्या होत्या.

आपांनी सुनेकडे पाहिलं. सुनेच्या अब्रूचा प्रश्न होता. त्यांनी हळूच मान हलवली. हो म्हणून.

"तुम्ही म्हणता, म्हणजे माझं काही म्हणणं नाही," उलकान एजे म्हणाल्या. त्यांनी छातीवर हात ठेवून आपांना नमस्कार केला, वाटीचे पैसे काढून ठेवले आणि निघाल्या. जाताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. टिचकी मारली नाही. मित्रांनो, इतकी वर्षं मी तापलेली पेज सोसली, उकळतं पाणी सोसलं, पण त्या नजरेची भाजणी वेगळीच होती.

त्या दिवशी आपा जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वच्छ धुतलेला पांढरा रुमाल डोक्याला बांधला, ठेवणीतला कोट घातला आणि त्या घराबाहेर पडल्या. जिपाराला वाटलं, कुणाकडे पाहुणचाराला निघाल्या. आपा सरळ रस्ता ओलांडून पलीकडे गेल्या, निळ्या छत्रीखालच्या बाकावर बसल्या आणि कानिशायला म्हणाल्या, "एक वाटी दे, बाळ." सावकाश प्यायल्या. पैसे दिले. परत येऊन ओसरीवर बसल्या.

तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. चौथ्या दिवशीही. ऊन असो, वारा असो, त्या जायच्या. कुणाशी काही बोलायच्या नाहीत. नुसत्या बसायच्या, सगळ्यांना दिसतील अशा.

मिनीबसचा चालक मोल्दोबेक म्हणजे बाजाराचं तोंड. त्याने आधी नुसतं पाहिलं, मग एका दुपारी आमच्या छपराशी येऊन चार माणसांत मोठ्याने विचारलं, "काय गं जिपारा, तुझ्या सासूच्या हाताला एवढी चव होती, तर इतकी वर्षं आम्हाला नुसता चहाच का पाजत होती?"

लोक हसले.

"तुला प्यायचं तर पी, नाही तर चालता हो," जिपारा म्हणाली.

"पितो की! पण आधी सांग, जिच्या हातचं माक्सीम, ती म्हातारी स्वतः पलीकडे जाऊन का पिते? तुझं पिऊन तिचं पोट दुखतं का?"

या वेळी कुणी हसलं नाही. एका भाजीवालीने हातातली वाटी न पिताच खाली ठेवली. हळूहळू लोकांना उमगलं. उघड कुणी काही म्हणालं नाही. पण आमच्या छपराखालची गर्दी विरत गेली. जे येत, ते जिपाराच्या डोळ्यांना डोळा न भिडवता पिऊन निघून जात.

एका संध्याकाळी जिपारा ओसरीशी आली. आपा जवातले खडे निवडत होत्या.

"आपा, नका जाऊ तिकडे. लोक तोंडावर हसतात माझ्या."

"हसू देत."

"तुम्हाला माझी काहीच पर्वा नाही का?"

आपांनी सूप बाजूला ठेवलं. "पर्वा होती म्हणूनच मान हलवली ना, पोरी. सत्तरी उलटली माझी. या मानेने कधी खोट्याला हो म्हटलं नव्हतं. ती बाई माझ्या पांढऱ्या केसांकडे बघून मुकाट निघून गेली. मला चोर म्हणाली असती तर बरं झालं असतं. आता ही मान मी कुठे ठेवू, तेवढं मला सांग."

जिपारा माझ्याजवळ येऊन खाली बसली आणि माझ्या फळ्यांना डोकं टेकून रडली. आवाज न करता.

सकाळी तिने एका ओळखीच्या माणसाचा छोटा ट्रक बोलावला. मला दोरांनी बांधून मागे चढवलं. ती पुढे बसणार तेवढ्यात आपा कोट घालून दारात उभ्या.

"तुम्ही कशाला, आपा? लांबचा रस्ता आहे."

"हो मी म्हटलं होतं. तर नाही पण मीच म्हणायला हवं. सरक तिकडे."

सरोवराच्या काठाकाठाने आणि मग घाटातून आम्ही बिश्केकला पोचलो. उलकान एजेंच्या परसदारी, जिथे माझ्यात पहिल्यांदा माक्सीम आंबलं होतं, तिथेच मला उतरवलं. एजे बाहेर आल्या. जिपाराने मान खाली घातली आणि एका दमात सांगून टाकलं. पिंपाचं सांगितलं, गिऱ्हाइकांना केलेल्या फोनांचं सांगितलं, कानिशायशी बोललेल्या खोट्याचंही सांगितलं. आपा मध्येच म्हणाल्या, "आणि माझ्या माहेरी कुणी माक्सीम केलंच नाही कधी. मी खोटी मान हलवली."

उलकान एजे ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला पहिल्याच घोटाला कळलं होतं. माझ्या आईची चव मला कळणार नाही? पण आजींच्या वयापुढे मला बोलवेना. वकिलाने दाव्याचे कागद तयार ठेवलेत. मीच थांबवून ठेवले होते. तू येतेस का बघत होते."

"हे पिंप ठेवून घ्या, एजे. मला नको ते."

"पिंप तुझं आहे. करारात तसं लिहिलंय. दुसऱ्याची वस्तू मी ठेवून घेत नाही."

जिपाराला तो घाव बसलेला मी पाहिला. तिने वर पाहायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही.

एजेंनी अटी घातल्या. माक्सीम त्याच दिवसापासून बंद. ज्या ज्या गिऱ्हाइकाला फोन केला होता, त्याच्या दारात स्वतः जाऊन खरं सांगायचं. आणि झालेल्या नुकसानीबद्दल कानिशाय जे म्हणेल ते मान्य करायचं. मग त्यांनी दोघींना घरात नेलं, रोटी मोडून पुढे ठेवली, कारण दारी आलेल्याला कुणी उपाशी पाठवत नाही. आपांशी त्या नीट बोलल्या. पण जिपाराला त्यांनी पुन्हा पोरी म्हटलं नाही. नावानेच हाक मारली, परक्या बाईला मारावी तशी.

कराकोलला परतल्यावर जिपारा दारोदार गेली. शाळेत गेली, विश्रामगृहांत गेली. कुणी ऐकून घेतलं, कुणी खोचकपणे विचारलं, "आता आणि काय विकायला आलीस?" सगळ्यात शेवटी ती रस्त्यापलीकडे गेली. कानिशायने ऐकलं आणि एवढंच म्हणाली, "एजे, मी तुम्हाला विचारायला आले होते. तुम्ही तेव्हाच सांगायला हवं होतं." आणि वाट्या विसळायला लागली. जिपारा तो हंगाम संपेपर्यंत रोज तिच्याकडे जाऊन पीठ परतून देत राहिली, काही न घेता. कानिशाय तिला नाही म्हणाली नाही, पण सलामही घातला नाही. गिऱ्हाइकं हळूहळू निळ्या छत्रीकडे परतली. पुढच्या वर्षी कानिशायच्या अंगणात नवी गाय आली.

जिपारा पुन्हा शिवणाकडे वळली. आता शाळेच्या मुलांचे कपडे शिवते. मी कोरडा पडलो. ओल नसली की लाकूड आक्रसतं. माझ्या फळ्यांमध्ये फटी पडल्या, एक कडी सुटून खाली आली. मला वाटलं, आपली गोष्ट संपली.

पण मागच्या वसंतात नारीन गावाहून एक माणूस आला. चांगले बूट, गोड बोलणं. माझ्याभोवती फिरून त्याने माझ्या आत वाकून वास घेतला.

"ऐकलं होतं मी तुमच्या पिंपाबद्दल," तो म्हणाला. "अजून जिवंत आहे ना आत? कोमट पेज ओतली की उठतं म्हणतात. तोंडाला येईल ती किंमत मागा, बाई."

जिपाराच्या कानापर्यंत लाली चढली. इतकं करूनही ते गुपित इतक्या दूरवर गेलं होतं. माक्सीम बंद करण्याआधीच कुणीतरी कुणाला बोललं असेल. किंवा बाजाराने तिच्या चोरीची गोष्ट सांगता सांगता गुपितही सांगून टाकलं असेल.

"विकायचं नाही," ती म्हणाली.

"नुसतं पडून तर आहे!"

"पिंप माझं आहे. आत जे आहे ते माझं नाही. या तुम्ही."

तो गेल्यावर तिने शेजाऱ्याकडून रंधा मागून आणला. मला आडवं पाडलं, ती माझ्या आत अर्धी शिरली आणि आतून तासायला लागली. आपा दिवा धरून बाहेर बसल्या. इतक्या वर्षांचा मुरलेला तांबूस थर सालपटांनी निघू लागला. फार दुखलं, मित्रांनो. ज्या थरामुळे लोकांनी माझं कौतुक केलं होतं, तोच थर ती उतरवत होती. आतलं पांढरं, कोरं लाकूड दिसेपर्यंत ती थांबली नाही. सालपटं तिने चुलीत घातली. मग हात धुऊन तिने उलकान एजेंना फोन लावला आणि नारीनच्या माणसाचं आणि रंध्याचं, सगळं सांगितलं. पलीकडून एजे काहीतरी बोलल्या. मला ते ऐकू आलं नाही. जिपाराने मात्र फोन ठेवून बाहीने डोळे पुसले आणि आपांना म्हणाली, "पोरी म्हणाल्या मला."

मित्रांनो, आता माझ्यात काही आंबत नाही. तुम्ही मोठे व्हाल, कुणाच्या हाताखाली शिकाल, कुणाच्या घरचं मीठ खाल, कुणी आपल्या धंद्याचं अंतरंग तुमच्यापुढे उघडं करील. शिकलेलं विसरता येत नाही, हे मला लाकडाला ठाऊक आहे. पण तुम्हाला हात आहेत. ज्याने विश्वासाने दार उघडलं, त्याच्या दारातून बाहेर पडताना ते हात रिकामे आहेत ना, एवढं पाहा. नाही तर एखाद्या निर्दोष म्हातारीची मान तुमच्यासाठी हलेल, आणि ती पुन्हा ताठ करायला फार लांबचा रस्ता तुडवावा लागेल.